त्रिएस्ते, बटणांचं दुकान

आमच्या शहरात खरे हेर पुष्कळ होते म्हणतात.
ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरून सरहद्द
पायी अर्ध्या तासावर, तेव्हा असणारच.
पण ते दिसायचे कस्टममधल्या कारकुनांसारखे,
कॉफीत दोनदा साखर घालायचे,
आणि बोरा वारा सुटला की टोपी धरून
आमच्यासारखेच भिंतीला चिकटून चालायचे.
त्यांच्यावरून कोण जीव ओवाळून टाकणार?

मी टाकला कर्क व्हार्डनवरून.
पोस्टरवर कर्क, आईच्या तोंडी रेनातो,
मोन्फाल्कोनेच्या गोदीत रिव्हेट ठोकणाऱ्याचा मुलगा.
शनिवारी दुकानाचं शटर ओढलं की
बोटांना शिंपल्याच्या बटणांची पूड तशीच घेऊन
मी तिसऱ्या रांगेत.

तो भुवई चढवायचा. एकच. डावी.
जळत्या गोदामातून बाहेर यायचा
केसालाही धक्का न लागता, म्हणजे अगदी खरोखरच्या केसाला,
आणि कोटाच्या दुसऱ्या बटणात बोलायचा:
ऐकताय ना?
बैरुत म्हणून दाखवायचे ते आमचंच बंदर.
मागे मामाची क्रेन स्वच्छ दिसायची,
मी शेजारच्या फुल्वियाला कोपर मारायचे,
बघ, बैरुतमध्ये मामा.

पण खरं सांगू?
तिसऱ्या सिनेमापासून माझं त्याच्याकडे
लक्षच लागेना.

लीना नॉर्थ.
हिरवा झगा, पाठीवर एकवीस बटणं, कापडानं मढवलेली,
मी मोजलीत.
तो बटणात बोलत असताना
दोऱ्या ती कापायची, गाडी ती चालवायची,
विषाचा पेला न पिता कुंडीत ओतायची
आणि वर पुन्हा त्याच्या विनोदाला हसायची.
सातांपैकी चार सिनेमांत ती मेली.
एकदा विंचवानं, एकदा न्हाणीत,
एकदा रोपवेची तार तुटून,
आणि एकदा नुसतीच,
शेवटची दहा मिनिटं तिचं काही काम नव्हतं म्हणून.
फुल्विया रडायची. मी चिडायचे.

आणि आवाज तिचा नव्हताच.
रोममध्ये बंद खोलीत बसून कुणी बाई
तिच्या ओठांवर शब्द बसवायची.
सात सिनेमे, तीन आवाज,
तिन्ही मधात बुडवलेले.
रात्री उशीवर मी चौथा शोधायचे.

पुढे ते सिनेमे आटले. थिएटरात गालिचे विकू लागले.
फुल्विया ऑस्ट्रेलियाला गेली.

एक्क्याण्णवची जानेवारी, बोरा इतका
की रस्त्यावर धरायला दोर बांधलेले.
दार उघडलं, घंटी आडवी झाली,
डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई आत फेकली गेल्यासारखी आली
आणि म्हणाली,
‘पाच द्या. तपकिरी. चार भोकांची.’

घोगरा. खरखरीत.
मासळीबाजारात भाव पुकारून बसलेला असावा तसा,
आणि शब्दांना उदिनेच्या मक्याच्या शेतांचा हेल.
मी डबा शोधत राहिले, समोरच असलेला.
विचारलं, लीना नॉर्थ?
‘नॉर्मा ब्रेसान,’ ती म्हणाली. ‘पावतीवर तेच लिहा.’

रेनातोचं विचारलं.
गुडघे गेले म्हणाली, नाताळला फोन करतो,
अजून भुवईबद्दलच बोलतो.
विंचू? रबराचा. रोपवे? जमिनीपासून दीड हात.
हिरव्या झग्याची पाठ मात्र
खरंच एकवीस बटणांची,
‘लावायला बाई लागायची, आणि तो म्हणायचा
उशीर का झाला.’

मग तिनं भावात घासाघीस केली,
कडक, बोटं मोडून हिशेब करत,
आणि मला वाटलं अजून करावी,
आणखी पन्नास लिरा कमी मागाव्यात, आणखी शंभर,
मी नाही नाही म्हणत राहीन.

सहावं बटण मी वरकड दिलं.
तिनं ते उजेडाला धरलं, मग ओठांजवळ,
काही बोलेल असं वाटलं.
फुंकर मारून पूड उडवली फक्त,
पर्समध्ये टाकलं,
आणि दोराला धरून
चढावाकडे निघून गेली.